बोका म्हणाला, "जेवलो, आजी!"

रविवार, दिवेलागण

मी सांगते, नात सई लिहिते. मला अक्षर येत न्हाई, तोंड तेवढं चालतं.

आज सईनं सोसायटीतली पोरं आमच्या घरी कोडिंग शिकवायला बसवली. लॅपटॉपवर एक म्हातारी, एक बोका. रंगीत ठोकळे जोडले की म्हातारी निरोप धाडते, बोका उत्तर देतो. म्हातारीला आवाज माझा दिला, "जेवलास का रं?"

बोका गप्प. सई पोरांना म्हणाली, "निरोप गेला, पण 'निरोप मिळाल्यावर' हा ठोकळा बोक्याला लावलाच नाही." तो लावला, तसा बोका म्हणाला, "जेवलो, आजी!" पोरं खिदळली. मी मेली, परत लावा, परत लावा म्हणत बसले.

पोरं गेली. मग माझा ल्योक चाकणहून शिफ्ट संपवून आला. त्यालाबी विचारलं, "जेवलास का रं?" नजर मोबाइलात. तसाच आत गेला. आवाज तर तोच होता ना माझा? आता ह्याला ठोकळा कुठं लावू?

सई लिहिता लिहिता थांबलीय. म्हटलं, लिही गं बिनधास्त, तुझा बाप कुठं वाचायला बसलाय!