बाविसावं मशीन

मालेगाव (जहागीर),
दसऱ्याला आठ दिवस, १९७४

प्रिय लखीराम,

माझा जय भीम आणि तुझा रामराम, दोन्ही एकाच ओळीत. हे पत्र तुला सूनबाई ललिता वाचून दाखवणार, हे धरूनच लिहायला बसलो आहे. सूनबाई, सासऱ्याला भिंतीला टेकून बसव, हाती चहा दे आणि सावकाश वाच. तो मधेच ‘पुढं, पुढं’ करील, तिकडं लक्ष देऊ नकोस. शाळेतही त्याचं असंच होतं. कवितेचं पहिलं कडवं झालं की शेवटी काय होतं ते सांगा म्हणायचा. डोळ्यावरची हिरवी पट्टी सुटली, जाड भिंगाचा चष्मा लागला, हे तुझ्या लेकाच्या, हरिसिंगच्या कार्डावरून कळलं. बरं वाटलं. आता इथली झाडं, इथली धूळ, सगळं तुला नव्यानं दिसेल.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तुझं कार्ड आलं होतं. अक्षर हरिसिंगचं, पण शब्द तुझेच. ‘दसऱ्याला दुकानाची पाटी उतरवावी. किल्ली भाचा हेमसिंगजवळ द्यावी. आता शिलाई मशीनचा धंदा नको.’ लखीराम, मी पाटी उतरवलेली नाही. रागावू नकोस, आधी ऐकून घे. मला नोकरीतून निवृत्त करून सरकारनं घरी बसवलं, पण तू तुझ्या दुकानात खुर्ची टाकून दिलीस. त्या खुर्चीच्या जिवावर मी हा हट्ट केला आहे.

वैशाखातला तो बाजाराचा दिवस मी विसरलो नाही. रिठदची भागिरथा यष्टीच्या टपावरून मशीन उतरवून घेऊन आली. कंडक्टरनं आणि दोन गड्यांनी ते तुझ्या उंबऱ्यावर ठेवलं. नवऱ्यामागं तिनं त्या मशीनच्या भरवशावर लग्नघरचं कापड शिवायला घेतलं होतं, आणि हळदीच्या आदल्या दिवशी चाक फिरेना. साऱ्या बाजारापुढं ती म्हणाली, “घे लखीरामदादा, तुहा देव तुले वापस. आमच्या घरी हा नुसताच बसून राह्यला. पूजा करू का पोट भरू?” तू मान खाली घालून ऐकलंस. फडक्यानं मशीनवरची धूळ पुसलीस, आणि तो हात मग बराच वेळ तसाच मशीनवर राहिला. दिवाळीत दारातल्या पाटीवर तू खडूनं ‘आजवर विकली: २२’ असं लिहवून घेतलं होतंस, येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत होतास. त्या दिवसानंतर तू पाटीकडे पाठ करून बसू लागलास. मग डोळ्याचं निमित्त झालं आणि तू अकोल्याला गेलास. तू मनाशी धरलंस की माल खोटा निघाला, आणि आपण आपल्याच माणसांच्या गळ्यात खोटा माल बांधला.

मला त्या दिवसांत सारखी आपली रिठदची शाळा आठवे. मी बाहेर ओट्यावर, तू आत शेवटच्या रांगेत, मधे ती गजांची खिडकी. तुझ्या तांड्याची बोली वेगळी, त्यामुळं मराठी कविता तुझ्या तोंडात घोटाळायची. मास्तर म्हणायला लावत, तू चुकायचास, आणि मी बाहेरून गजाला तोंड लावून पुढचा शब्द टाकायचो. मास्तरांना कळत असावं. त्यांनी कधी खिडकी लावून घेतली नाही. आत यायची मुभा मला नव्हती, पण माझा शब्द तुझ्या तोंडून आत जायचा आणि छडी वाचायची. छपन्न सालानंतर मी बदलीनं त्याच शाळेत मास्तर होऊन गेलो तेव्हा पहिल्या दिवशी आधी ती खिडकी पाहिली. गज तेच होते. तेव्हा तू तांड्यावरून खास पेढे घेऊन आला होतास आणि म्हणाला होतास, “इंद्रभान, तुह्या शब्दावर आपला भरवसा हाय बापा, तवापासून.” हे मी का लिहितो आहे ते शेवटी कळेल. ‘पुढं, पुढं’ म्हणू नकोस.

कार्ड आलं त्या दिवशी मी हेमसिंगला म्हटलं, तुझा मामा पाटी उतरवा म्हणतो. उतरवू. पण त्याआधी बावीसच्या बावीस मशिनांची हजेरी घेऊ. मी आयुष्यभर हजेरी घेतली, मला दुसरं काय येतं? कोरी वही आणली, बायांची नावं, गावं लिहिली, आणि दोघं निघालो. हेमसिंगच्या सायकलवर हत्याराची पेटी, मागं मी. चढ आला की मी उतरायचो आणि तो म्हणायचा, “गुर्जी, तुमी कवितेतच हलके हा, कॅरेजवर लय भारी.”

सात मशिनं चालू निघाली. ती सारी इथल्याच गावठाणातली, दुकानाजवळची. खेड्यापाड्यातली चौदा बंद. एकावर धान्याची टोपली ठेवलेली, एकावर बाळाची दुपटी वाळत घातलेली, आणि बाकी साऱ्यांवर भरतकामाचं फडकं, हळदकुंकू किंवा हार. हेमसिंग प्रत्येक चाक उघडून राकेलनं धुवायचा, मशीन खडखडत चालू व्हायचं, आम्ही पुढं जायचो. आठ दिवसांनी निरोप यायचा की पुन्हा बसलं. मी वहीत ‘गैरहजर’ लिहायचो आणि कारणाचा रकाना कोरा सोडायचो.

तो रकाना रिठदला भरला. लिलाबाईच्या घरी. तिनं ओसरीत चौरंगावर, बुद्धाच्या तसबिरीखाली मशीन मांडलं होतं. मला पाहताच म्हणाली, “या गुर्जी, तुमची लेक रुसून बसली. कायले रुसली ते तुमीच इचारा.” मी विचारलं, तेल घालता का? तर तिला रागच आला. “घालता का म्हंजे? रोज सकाळी. तुमच्या कवितेसारखं.” आणि तिनं दळणाच्या चालीवर मी दुकानाच्या गिऱ्हाइकांसाठी लिहिलेल्या पत्रकातल्या ओळी म्हणून दाखवल्या. एक अक्षर इकडचं तिकडं नाही:

रोज सकाळी तेल घाला, दोनच थेंब प्रेमानं,
लेकीवाणी जपा तिला, टीप पडेल नेमानं.

लखीराम, मला लाजेनं नव्हे, आनंदानं भरून आलं होतं, हे खरं सांगतो. चाळीस वर्षं पोरांना कविता शिकवल्या, पण माझी ओळ जात्यावर गेलेली मी पहिल्यांदा ऐकत होतो. तेवढ्यात ती आत गेली आणि पितळेची वाटी घेऊन आली. वाटीत जवसाचं तेल. घाण्यावरचं, सोन्यासारखं. “पोयी-भाकरीले कमी पडलं तरी तिले नाई कमी पडू देलं,” म्हणाली. “लेकीले काय डब्यातलं परकं तेल पाजू?”

मी चाकाच्या खाचेत नख घातलं. नखाशी लाखेसारखा पिवळा पापुद्रा आला. खाटेच्या पायांना, बैलगाडीच्या जुवाला आपण जवसाचं तेल कशाला चोळतो रे? ते सुकून कडक व्हावं, चकाकावं म्हणूनच ना? मग मशीनच्या पोटात ते दुसरं काय करणार! जितकी माया जास्त, तितकं मशीन घट्ट. चौदाही घरांत तेच. मशीनच्या तेलाच्या कुप्या दुकानात शेकड्यानं पडून, आणि गावोगाव बाया घरातलं सगळ्यांत चांगलं तेल त्याच्या तोंडी घालत होत्या. भागिरथेनं तर, नंतर कळलं, दोनाऐवजी चार थेंब घातले होते, लग्नघरचं काम आहे म्हणून. माल खोटा नव्हता, लखीराम. सूनबाई, हे वाक्य त्याला पुन्हा वाचून दाखव. माल खोटा नव्हता.

परतताना चढावर मी हेमसिंगला विचारलं, तुला वास आला नाही कधी? म्हणाला, “येत जाय ना. पण मले वाटे, सैपाकघरातलं मशीन, त्याले सैपाकाचाच वास येईन. अन् मामा म्हणे, लवकर पुसून दे, गिऱ्हाईक उभं हाय. कायनं बसलं हे मले कोणं इचारलंच नाई.” तो काही तक्रार करत नव्हता. मी सायकलमागं चालत विचार करत होतो. एका छपराखाली तिघं बसत होतो. तू विकत होतास, तो पुसत होता, मी यमकं जुळवत होतो, आणि ती बाई मशीन घेऊन पायरी उतरली की तिच्याकडे तिघांचीही पाठ. शाळेत मी पोरांची नावं पटावर चढली यावर कधी समाधान मानलं नाही. पोरगं वाचायला लागलं की माझा पगार हलाल, असं म्हणायचो. मग दुकानात बसल्यावर मला विकल्याचा आकडा कसा गोड लागला?

तेव्हापासून दुकानाची रीत बदलली. तुला न विचारता बदलली, याची शिक्षा आल्यावर कर. कुपी मशीनबरोबरच द्यायची. मशीन घरी मांडायला हेमसिंगनं जायचं आणि त्या बाईनं स्वतः एक पोलकं शिवल्याशिवाय उठायचं नाही. (एका ठिकाणी दीड दिवस उठला नाही, सासू म्हणाली, “जावई आणला का मिस्त्री?”) बाजाराच्या दिवशी बायांनी शिवलेलं दाखवायला आणायचं, अडलेलं सांगायचं, आणि ते मी वहीत लिहायचं. लिहून झालं की तिघांनी एकत्र बसून वाचायचं. तिसरी जागा अजून रिकामी आहे, तुझी बैठक तशीच झटकून ठेवतो. आणि दारातल्या पाटीवरचे दोन शब्द मी पुसले. ‘आजवर विकली’ होतं तिथं ‘आज चालू’ लिहिलं. पहिल्या दिवशी सात. लोक हसले. एक जण म्हणाला, गुर्जी, आकडा चढवतात का उतरवतात? मग आठ झाली, अकरा झाली. अर्धी पितरं झाली तेव्हा सतरा. रोज खडू हातात घेताना शाळेतला निकालाचा दिवस आठवायचा.

मंगरूळपीरच्या अंजनानं उर्सासाठी पोरांचे कुडते शिवून दिले, सोळा. तुझ्या तांड्यावरच्या कमलीबाईनं घागऱ्याचा घेर मशीनवर जोडला आणि आरसे हातानं लावले. म्हणते, मशीनले आरसा दिसत नाई, ते काम माह्यं. लिलाबाईनं आमच्या धम्मचक्राच्या दिवसासाठी पाच बायांची पांढरी पोलकी शिवायला घेतली आहेत. परवा सकाळी पाटीवर एकवीस लिहिलं आणि खाली बसलो. हेमसिंगनं समोरून भजी आणली.

आता बाविसावं. भागिरथेचं. ते अजून दुकानातच आहे, धुऊन, तेल घालून, तुझ्या बैठकीशेजारी. चालतं. मीच चालवून पाहिलं, सरळ टीप पडते. ते परत न्यायला मी चार दिवसांपूर्वी तिच्याकडे रिठदला गेलो होतो. सगळं सांगितलं. आणि जे कोणालाच सांगितलं नव्हतं तेही तिला सांगितलं. पत्रक लिहिताना तू मला म्हणाला होतास, ‘तेल मशीनचंच, दुकानातल्या कुपीतलं, हे लिहिजो. घरचं नोको म्हनून लिहिजो.’ मी लिहिलंही होतं. पण ती ओळ लंगडत होती, चालीत बसेना. मी ‘कुपीतलं’ खोडलं आणि ‘प्रेमानं’ घातलं. वाचून दाखवलं तेव्हा तू मांडीवर थाप मारलीस आणि एवढंच विचारलंस, तेलाचं आलं ना? मी म्हणालो, आलं. खिडकीतून मी टाकलेला शब्द तू कधी तपासला नाहीस, तसाच तोही तपासला नाहीस. आणि मे महिन्यापासून तू माझी चूक तुझी समजून अकोल्यात भिंतीकडे तोंड करून बसला आहेस. लिलाबाईच्या ओसरीतच मला हे कळलं होतं. त्यानंतर तुला तीन कार्डं टाकली, हे एकातही लिहिलं नाही. भागिरथेनं सगळं ऐकलं, पदरानं हात पुसले आणि विचारलं, “हे लखीरामदादाले सांगतलं का?” मी म्हटलं, नाही. “मंग मले काहून सांगता? आधी त्याले सांगा. मी त्याले साऱ्या बाजारात बोलली, त्यानं मान खाली घालून ऐकलं. आता मशीन त्यानंच आणून ठेवाव, तवाच मी घेतो. तो आला म्हंजे मी समजीन, गुर्जीनं सांगतलं.” म्हणून हे पत्र. नवं पत्रकही लिहून ठेवलं आहे. त्यात कुपी आहे, जवस नको आहे, आणि यमक नाही. लिलाबाई म्हणते, हे काही गाता येत नाई. न येऊ दे. आता तूच ये, सकाळची अकोला–वाशिम गाडी इथं साडेदहाला लागते. मी खडू घेऊन दारात उभा राहीन. आकडा मात्र रिठदहून परत आल्यावर, तुझ्या हातानं.

तुझाच,
खिडकीबाहेरचा
इंद्रभान