स्वतःच्या बळावर अध्यक्ष

४ ऑगस्ट, सोमवार
निर्णय पक्का. या वर्षी कॉलेजात जे मिळवायचं ते स्वतःच्या बळावर. बाबा कॉलेजचे मालक आहेत हे कोणालाच माहीत नाही, कारण मी आडनाव लावत नाही. प्रत्येक वर्गात आजोबांचा फोटो आहे, पण नुसत्या नाकावरून कोण ओळखतंय!
आज कॉलेजच्या अलीकडे, अधारतालच्या वळणावरच गाडीतून उतरलो. पुढे पायी. ड्रायव्हर बापू गाडी घेऊन हळूहळू मागून आला. बॅग जड होती.

६ ऑगस्ट
गेल्या आठवड्यात एकाही लेक्चरला बसलो नाही, तरी हजेरी पूर्ण. सर म्हणाले, गंधारजी, आप न हों तो भी क्लास में आपकी कमी नहीं खलती. व्यक्तिमत्त्व, दुसरं काय!

११ ऑगस्ट
विद्यार्थी संघाच्या अध्यक्षपदासाठी फॉर्म भरला. विरोधात कोणीच नाही. बिनविरोध जिंकण्यात कसली मजा? कोणाला तरी उभं करावं लागेल.

१३ ऑगस्ट
अनुपमला विचारलं. त्याला तिथल्या तिथे ताप भरला. बंटीला विचारलं, तर त्याच्या वडिलांनी घरी फोन करून माझी माफी मागितली. कशाबद्दल, कळलं नाही.
शेवटी दुर्वा. रांझीहून बसने येते, वडील फॅक्टरीत. म्हणाली, तू काहून माझ्या मागे लागून राहिला? मी खरंच निवडून आली तर? मी पोट धरून हसलो. ती हसली नाही. फॉर्म मात्र भरला.

१८ ऑगस्ट
भाषणं झाली. दुर्वा पिण्याच्या पाण्यावर आणि कॉलेजच्या बसवर बोलली. फारच किरकोळ विषय. माझा विषय होता संघर्ष. तोंड उघडण्याआधीच टाळ्या. प्रिन्सिपल सर तर उभेच राहिले.

२२ ऑगस्ट
मतदान गुप्तच पाहिजे, हा हट्ट माझा. प्रिन्सिपल सरांनी पुन्हा पुन्हा विचारलं, पक्का ना भैया? पक्का!
आपणच आपल्याला मत देणं शोभत नाही, असं आई म्हणते. म्हणून मत दुर्वाला दिलं. बिचारीला एक तरी मिळू दे.

२३ ऑगस्ट, दुपार
मोजणी झाली. सगळी मतं दुर्वाला. मला शून्य.
खोटं कशाला लिहू, रडलो. बाथरूममध्ये, नळ सोडून.
बाहेर आलो तर दुर्वा उभी. म्हणाली, चल ना रे, चहा पाजते. असं मनापासून हरणारा मी पाहिला नाही. कॅन्टीनमध्ये खूप वेळ बसलो. आजवर कोणी माझ्याशी असं बरोबरीने बोललं नव्हतं. शून्य तर शून्य, पण ते मी एकट्याने मिळवलं! घरी पायी आलो. बापूला गाडी घेऊन पुढे पाठवलं.

संध्याकाळ
बाबांना कळलं होतं. म्हणाले, घाबरू नको बेटा, मी प्रिन्सिपलशी बोललो. कॉलेजच्या ग्रुपवर नोटीस आली आहे: मोजणीत तांत्रिक चूक, अध्यक्ष म्हणून गंधार बहुमताने विजयी.
लगेच दुर्वाला फोन केला. म्हटलं, माझा यात काहीच हात नाही गं.
ती म्हणाली, जी सर. बधाई हो, सर.