स्वेटर खुळखुळत नाही

तीर्थरूप ताईस,

धाकटीचा वाकून नमस्कार. (गुडघे वाकत नाहीत, तेव्हा तो कागदावरच मानून घे.) तुझी कंबर कशी आहे? डाव्या डोळ्याचं पाणी थांबलं का? सकाळपासून तुला एकोणीस फोन केले. मोबाईल नेहमीप्रमाणे उशीखाली ठेवून तू बागेत गेली असशील. म्हणून पत्र. ते घेऊन येणारा ड्रायव्हर आत्ता आमच्या फाटकाबाहेर गाडी चालू ठेवून उभा आहे. आज पाचच्या आत तिसऱ्या मजल्यावरच्या काकांचं हरवलेलं पार्सल सापडलं नाही, तर त्याची नोकरी जाणार. तुझ्याकडे यायला दोन तास लागतात आणि आत्ता अकरा वाजलेत. तेव्हा थोडक्यात लिहिते.

तुला ठाऊकच आहे, तुझे मेहुणे गेले तेव्हा बिल्डिंगमधल्या लोकांनी ठरवलं की माझं मन रमायला हवं, आणि बावीस फ्लॅटांचा कारभार माझ्या गळ्यात घातला. पाण्याची टाकी, जिन्यातले दिवे, लिफ्ट हे सगळं मी सांभाळलं असतं. पण पार्सलं! दिवसाला तीस-चाळीस. एक ड्रायव्हर बेल वाजवतो आणि दार उघडायच्या आत कोपऱ्यावर पोचलेला असतो (मी त्याला ‘वादळ’ म्हणते). एक जण खालूनच सगळ्या मजल्यांना ऐकू जाईल असं ओरडून सांगतो की दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंचा केसांचा रंग आलाय. शेवटी मी नियम केला की एकाही ड्रायव्हरने फाटकाच्या आत यायचं नाही. सगळी पार्सलं फाटकाशी मी घेणार, माझ्या टेबलावर ठेवणार, वहीत लिहिणार आणि ज्याची त्याला देणार. वहीत तारीख, वेळ, फ्लॅट, सही आणि शेवटचा रकाना ‘वर्तणूक’. (हसू नकोस. शाळेच्या प्रगतिपुस्तकात तो रकाना होता म्हणूनच आपण दोघी माणसांत आलो.)

शिवाय कोणाच्या घरी काय आलं याची जिन्यात चर्चा नको, म्हणून मी प्रत्येक पार्सलाला ब्राऊन पेपर चढवू लागले. आठवतं, शाळा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी आपण जमिनीवर बसून कव्हरं घालायचो? तू कोपरे दुमडायचीस, मी डिंक लावायचे, आणि कॉन्व्हेंटच्या मदर वर्गात वह्या उलट्या धरून कव्हर सुटतंय का ते बघायच्या. माझं कव्हर एकदाही सुटलं नाही. कपाटात ओळीने लावलेली ती पार्सलं बघून मला रोज आठ वर्षांची झाल्यासारखं वाटायचं. आता ते कपाट उघडायचीही भीती वाटते.

तर काका. ऐकू अजिबात येत नाही. जुनं कानातलं यंत्र बिघडलं, म्हणून मुलीने नवीन पाठवलं. ती दर रविवारी फोन करते आणि काका फोन कानाशी धरून अर्धा तास नुसतं ‘हो, हो’ म्हणतात. यंत्र येईना, म्हणून काका रोज माझ्या दाराशी येऊन नुसते बघायचे. विचारायचेही नाहीत, कारण उत्तर ऐकू येणार नाही हे त्यांना माहीत. पंधरा दिवसांनी कंपनीने कळवलं की पार्सल आमच्या फाटकाशी कधीच दिलं आहे. आणणारा ड्रायव्हर ‘मौनी’. (हा कधी बोलत नाही. वर्तणुकीत मी त्याला दहापैकी चार देत आले.) मी वही उघडली. नोंद नाही. वहीत नाही म्हणजे आलंच नाही. त्याने मोबाईलवर फोटो दाखवला, फाटकाबाहेरूनच काढलेला, आत माझ्या टेबलावर ठेवलेल्या पार्सलाचा. मी म्हटलं, असं टेबल कोणाचंही असेल. आणि सुवाच्य अक्षरात दोन पानी तक्रार केली. त्यात ‘अप्रामाणिक’ हा शब्द आहे, ताई, आणि त्याच्याखाली रेघ आहे.

काल त्याच्या सुपरवायझरचा फोन आला. मौनी म्हणतो दिलं, बाई म्हणतात नाही. पण इतक्या सुंदर अक्षरात कोणी खोटं लिहीत नाही, असं त्यांच्या ऑफिसात सगळ्यांचं मत पडलं. मौनीला दोन मुली आहेत हेही त्यांनीच सांगितलं. रात्रभर झोप नाही. सकाळी तो फोटो पुन्हा मागवून भिंगाखाली धरला. पार्सलाशेजारी डिंकाची बाटली आणि माझ्याच निळ्या लोकरीचा गुंडा. मी लगेच सुपरवायझरना फोन केला की माझीच चूक. ते म्हणाले, लेखी तक्रार तोंडी मागे घेता येत नाही, लेखी माफी आणि पार्सल दोन्ही पाचपर्यंत आणा. माफी लिहून तयार आहे.

आता तूच सांग, अशा माणसाशी मी कोणत्या तोंडाने बोलू? बाहेर त्याचाच हॉर्न वाजतोय. थांबते.

तुझी,
धाकटी

ता. क. मुख्य गोष्ट राहिली. ते पार्सल तुझ्याकडे आहे. मौनी ते घेऊन आला तेव्हा मी तुझ्या स्वेटरला कव्हर घालत होते. हात डिंकाने भरलेले, म्हटलं नोंद मागाहून करू. तेवढ्यात यंत्रालाही कव्हर चढलं, तुझा पत्ता मी भलत्याच पुडक्यावर चिकटवला आणि ‘ताईचा स्वेटर आहे’ असं सांगून ते मौनीच्याच हातात दिलं. तुझा स्वेटर आज माझ्या शिवणाच्या डब्याखाली सापडला. तुझ्या वाढदिवसाला अजून नऊ दिवस आहेत. लहानपणापासून तू भेट कधी आधी उघडत नाहीस, यावर मी आयुष्यभर हसले. आज त्यासाठी तुझे पाय धरते. न उघडलेलं पुडकं या माणसाच्या हाती दे. एकला निघाला तर तीनपर्यंत त्यांच्या ऑफिसात पोचेल.

दुसरा ता. क. वरचं लिहून झाल्यावर मी फाटकाशी गेले आणि त्याला सगळं सांगितलं. त्याने गाडी बंद केली. मग म्हणाला, “मला त्याच दिवशी वाटलं होतं, बाई. स्वेटर खुळखुळत नाही.” मी विचारलं, मग बोलला का नाहीत? तर म्हणाला, “बोललो होतो. तुम्ही म्हणालात, सही करा आणि निघा.” वही काढून पाहिली. त्या तारखेला तुझं पुडकं नेल्याची त्याची सही आहे. वर्तणुकीत माझ्याच अक्षरात लिहिलंय, ‘फार बोलतो.’

शेवटचा ता. क. तुझ्या दारात त्याला उभं करू नकोस. पुडकं शोधेपर्यंत आत बसव, खुर्ची दे, पाणी दे. आमच्याकडे दीड वर्षात तो फाटकाच्या आत आलेला नाही.