आजोबा जहाजात बसले

३ जून. पहाटे ५.१०
ठरलं. रोज पहाटे दोन तास फ्रेंच. कॅनडात न्यू ब्रन्सविक म्हणून प्रांत आहे, तिथे फ्रेंच येणाऱ्याला लवकर घेतात म्हणे. राळेगाव तालुक्यात फ्रेंच येणारा कोणी नाही, म्हणजे स्पर्धाच नाही. नागपूरच्या साधना मॅडमचा ऑनलाइन क्लास लावला. सप्टेंबरात परीक्षा. तीन महिने पुष्कळ झाले. भाषा हा माझा मुळातच स्ट्राँग विषय.

५ जून
काल उठणं जमलं नाही. आजही. पहाट ही वेळच शास्त्रीयदृष्ट्या चुकीची. आता जेवण झाल्यावर.

१२ जून
मॅडम भूतकाळ अकेडियन लोकांच्या इतिहासातून शिकवतात. हे लोक फ्रान्सहून कॅनडात आले, बांध घालून समुद्राचं खारं पाणी अडवलं, शेती केली. १७५५ साली इंग्रजांनी त्यांना जहाजात कोंबून देशोधडीला लावलं. वाईट वाटलं. पण इतिहास नको, नुसते काळ द्या, असा मॅडमला मेसेज टाकला. वाचला. पुढच्या तासाला परत बांधच.

२० जून
ते पेरायचे, गाई राखायचे: रोज चालायचं ते. हा एक भूतकाळ. एके दिवशी इंग्रज आले: घडलं, संपलं. हा दुसरा. अगदी सोपं. टेस्टमध्ये मात्र माझे इंग्रज रोज यायचे आणि रोज घरं जाळायचे. दहापैकी दोन. प्रश्नच संदिग्ध होता.

२ जुलै
तिसरा भूतकाळ: आधीच होऊन गेलेलं. इंग्रज आले तेव्हा यांनी बांध घातले होते. मी क्लासमध्ये सांगितलं की आमच्याकडे हे एका शब्दात होतं, गेलतो, आलतो. मॅडम "बरोबर" म्हणाल्या. या काळाचा आणखी अभ्यास करायची गरज नाही.

१८ जुलै
भूतकाळात काही क्रियापदांना एक सहायक क्रियापद लागतं, बाकीच्यांना दुसरं. जाणं, येणं, मरणं यांची वेगळी यादी. उज्ज्वलाला यादी हातात देऊन प्रश्न विचारायला बसवलं. सतरापैकी पाच. बायको म्हणून तिने धीर द्यायला हवा होता. ती म्हणाली, "मानूस गेला त गेला. त्याले आनखी काय कायले लागते?" अभ्यासाचं वातावरणच नाही घरात.

५ ऑगस्ट
फुलचंदसेठच्या कापसाच्या जिनिंगमधली कॉम्प्युटरची नोकरी सोडली. अभ्यास मागे पडतोय त्याचं मूळ कारण तेच. सेठ म्हणाले, "संजय, कापूस यायच्या तोंडावर?" म्हटलं, कापूस येईल तेव्हा मी कॅनडात असेन. उज्ज्वला दोन दिवस माहेरी जाऊन राहिली. शांतता अभ्यासाला चांगली.

२१ ऑगस्ट
सोळा दिवस फुलटाइम. अभ्यास: अजून चौथाच धडा, तोही अर्धा. पण अंगणातला बर्फ कसा काढतात याचे बरेच व्हिडिओ पाहून झाले. तेही लागणारच.

१ सप्टेंबर
नवी पद्धत. अकेडियन लोकांवरची बावीस वाक्यं पाठ करतो. तिन्ही काळ त्यातच आहेत. मॅडम म्हणाल्या, तोंडी परीक्षेत स्वतःबद्दल विचारतात, घरातली एखादी गोष्ट तयार करा. आमच्या घरात कधी काही घडलेलंच नाही, त्याला मी काय करू?

१५ सप्टेंबर. परतीच्या ट्रेनमध्ये
लेखी बरी गेली असावी. तोंडीला परीक्षक बाईंनी विचारलं, तुमचे आजी-आजोबा कुठे राहायचे? प्रश्न कळला, हीच अर्धी लढाई. सरळ बावीस वाक्यं सुरू केली. आजोबा समुद्राकाठी राहायचे. त्यांनी बांध घातले होते. इंग्रज आले. घर जाळलं. आजोबा जहाजात बसले. बाईंनी पेन खाली ठेवलं. यवतमाळला समुद्र आहे का, असं काहीतरी विचारलं. मी "वी" म्हणालो. वी म्हणजे हो. मग जहाज कुठे गेलं, असं विचारलं असावं. मी परत पहिल्या वाक्यापासून घेतलं. बाई भारावल्या होत्या. इम्प्रेशन उत्तम.

२४ ऑक्टोबर
नापास. तोंडीला पंचवीसपैकी तीन. उघड पक्षपात. साधना मॅडमनी फोनवर विचारलं, नेमकं काय बोललात? सांगितलं. त्यांनी सगळं परत एकदा सांगायला लावलं. नेटवर्क असेल.

९ नोव्हेंबर
कापूस सुरू झाला. सेठकडे गेलो. माझ्या खुर्चीवर दुसरा माणूस आहे. गेटवर गाड्यांचे नंबर लिहायला ठेवलं.

आमच्या बंजारा तांड्यावर घरी आलो तर उज्ज्वलाने याडीला, म्हणजे आईला, जहाजाचं सगळं सांगून ठेवलेलं. याडी हसेल असं वाटलं. हसली नाही.

म्हणाली, "तुह्या आज्याले कोनं बसवलं रे जहाजात? तो बैलं विकत गावोगाव फिरे. तुही आजी अडून बसली या माळावर. दोन जिवाची होती. म्हने, आता एक पाऊल पुढं येत नाही. तिच्यापायी हा तांडा हाये."

मी म्हणालो, हे मला कोणी कधी सांगितलं नाही.

"तू कधी इचारलं?"

वही उघडली. फ्रेंचमध्ये नाही, मराठीतच लिहायचं ठरवलं. पहिल्या वाक्याला आजीचं नाव पाहिजे होतं. ते याडीला विचारावं लागलं.