पोराच्या वहाणा

चिखला, बुधवार, १६ ऑगस्ट १९७८

आज संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर माझी जीभ घसरली. खाणीतल्या योहानकाकांचा मुलगा भांडून घर सोडून गेला, त्याला सहा वर्षं झाली. मी म्हणालो, "काका, आता मागणं पुरे. देवाचं उत्तर 'नाही' आहे, असं समजा." का बोललो असं?

ते चिडले नाहीत. दर बुधवारसारखं मुलाच्या मागे राहिलेल्या वहाणांना तेल चोळत म्हणाले, "मास्तर, सुरुंगाचा बार नाही फुटला त आमी जवळ जाऊन कोचत नाही. थांबतो. पण काम टाकून घरी बी जात नाही."

केवढा धीर हा.

मी त्यांच्या घरून निघताना त्यांनी एक वहाण माझ्या हातात दिली. "पाहा बरं, पोराच्या पायाले चावन का?"

दाबून पाहिली. सहा वर्षं कोणी न घातलेलं चामडं, आणि इतकं मऊ.