ऑगस्ट धरून एक वर्ष

सारागोसा,
६ जून २०२३

चि. लेआंद्रो यास,
अनेक उत्तम आशीर्वाद. रागात असले तरी त्यात काटछाट केलेली नाही.

पत्रास कारण, तुझी कालची फोनवरची टोलवाटोलवी. मी विचारलं खटल्याचं, तू सांगितलंस चेरीच्या पिकाचं. फोनवर तू साबणासारखा निसटतोस, म्हणून कागदावर धरते आहे.

आज मी वकीलबाईंकडे जाऊन आले. वय पस्तीसच्या आत, पण बोलणं सरळ. त्या म्हणाल्या, अपघाताच्या नुकसानीचा दावा करायला कायदा एक वर्ष देतो. मी तिथेच बोटांवर महिने मोजले, कारण ओब्दुलियाबाईंच्या मोटारीनं तुला तुझ्या मोटरसायकलीवरून पाडलं ते गेल्या वर्षी बारा एप्रिलला. पण अंगाला इजा झाली असेल तर वर्ष मोजायचं ते पडल्या दिवसापासून नाही म्हणे. डॉक्टर ज्या दिवशी 'आता याहून अधिक बरं होणार नाही' असं लिहून देतो, त्या दिवसापासून. तुझ्या मनगटाचा तो कागद माझ्या खणात आहे. तारीख २९ ऑगस्ट २०२२. म्हणजे येत्या २९ ऑगस्टपर्यंत आपलं कुणी ऐकून घेईल. पुढे ऐकायला मी एकटी.

विमा कंपनीचं पत्र पुन्हा वाचलं. 'आमच्या ग्राहकाची गाडी उभी होती. वयस्कर चालकाचा तोल जाऊन तो आपोआप पडला.' अडतीस वर्षं तू मोटरसायकलीवरून डोंगरातल्या वाड्यांना टपाल वाटलंस, बर्फात आणि गारांत, एकदाही पडला नाहीस. आणि निवृत्त झाल्यावर भर सकाळी, कोरड्या रस्त्यावर, आपोआप पडलास? पिकलेलं अंजीर आहेस का तू? यंदा गुड फ्रायडेला, रिवाजाप्रमाणे, दुपारी बाराच्या ठोक्याला सगळं गाव ढोल बडवत होतं आणि पन्नास वर्षं ढोल वाजवलेला माझा भाऊ, मनगटापायी सलग दुसऱ्या वर्षी, खिडकीत हाताची घडी घालून उभा. मला पैसे नकोत. मला ते 'आपोआप' परत घ्यायला लावायचं आहे.

आणि ज्या बाईनं मागे न बघता गॅरेजातून गाडी काढली, वर ती उभी होती म्हणून सांगितलं, तीच तुला आठवड्यातून तीनदा कोंबडीचं सूप आणून देते, हे तूच मागच्या पत्रात लिहून बसलास. सुपानं हाड जुळत असेल, खोटं जुळत नाही.

वकीलबाईंकडे यायची तारीख कळव. लोभ आहेच, वाढवायचा की आटवायचा, ते तुझ्या उत्तरावर.

तुझी ताई,
ओर्तेन्सिया

---

तोरेसेका,
२० जून २०२३

ती. ताईच्या सेवेशी,
सा. न. वि. वि. साष्टांग घालताना मनगट कुरकुरतं, तेवढं गोड मानून घे.

चेरीबद्दल मी खोटं बोललो नव्हतो. पीक खरंच उत्तम आलं. एक पेटी तुझ्याकडे बसनं रवाना केली आहे; वरच्या थराला फसू नकोस, खालची अधिक गोड आहे.

तुझ्या वकीलबाईंचं म्हणणं मी नीट वाचलं. हुशार दिसतात, पण तरुण आहेत. ताई, ऑगस्टात न्यायालय बंद असतं. न्यायाधीश समुद्रावर, कारकून समुद्रावर, शिपाईसुद्धा सासुरवाडीला. अडतीस वर्षं मी या खोऱ्यात न्यायालयाचे लखोटे वाटले, त्यांत ऑगस्टात वाटलेला एकही आठवत नाही. जो महिना न्यायालयाला नाही, तो मुदतीला तरी कसा असेल? बारा महिन्यांत ऑगस्ट धरायचाच नाही. म्हणजे आपल्याला सप्टेंबर अखेरपर्यंत सवड आहे. तू खुशाल बेनिकार्लोला जा, पाय पाण्यात सोड. उन्हात तुझा राग जरा वाळला तर वाळला.

ओब्दुलियाबाईंचं सूप आता आठवड्यातून तीनदा नाही, चारदा येतं. हे मीच कळवतो, नाहीतर तू दुसऱ्या कुणाकडून ऐकशील आणि पाचदा ऐकशील.

आपला लोभ असाच चढता ठेव, रक्तदाब मात्र उतरता.

तुझा धाकटा,
लेआंद्रो

---

सारागोसा,
४ जुलै २०२३

चि. लेआंद्रो यास,
अ. उ. आ.

चेरी पोचल्या. खालच्या खरंच गोड होत्या. एवढं खरं तू फळांच्या बाबतीतच बोलतोस.

ऑगस्टचं तुझं म्हणणं पटलं. म्हणताना जीभ जड झाली, पण पटलं. या देशात ऑगस्टात नळ दुरुस्त होत नाही, दात उपटून मिळत नाही. मग कायदाच तेवढा शहाण्यासारखा कामावर येईल, असं कुणी मानायचं? वकीलबाईंची वेळ मी सप्टेंबरच्या पाच तारखेची घेतली. त्यांच्या कारकुनानं नुसती नोंद केली, कारण विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

आता मोठी बहीण म्हणून विचारते. त्या बाईला न्यायालयात खोटारडी म्हणायची वेळ येईल, म्हणून तू टाळतो आहेस का? त्यांनी तुझा हात मोडला आणि वर तुझं नाव मोडलं. पहिलं चुकून झालं असेल. दुसरं सही करून केलं आहे. मठाच्या शाळेत सिस्टर आम्हांला सांगायच्या की क्षमा मागितल्यावर करायची असते. आधीच करून ठेवली की समोरच्याला मागायची सवय लागत नाही.

कळावे, लोभ शाबूत आहे.

तुझी ताई,
ओर्तेन्सिया

---

बेनिकार्लो,
शुक्रवार, २५ ऑगस्ट २०२३

लेआंद्रो,
आशीर्वाद नंतर. आधी ऐक.

माझ्या शेजारच्या छत्रीखाली एक बाई बसतात. पिवळी टोपी, दिवसभर शब्दकोडी. आज सहज निघालं की त्या न्यायालयात एकतीस वर्षं कारकून होत्या. मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं की आमचा दावा आहे, पण ऑगस्ट धरायचा नसतो म्हणून निवांत आहोत. त्या बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. माझ्याकडे असं बघितलं, जसं डॉक्टर क्ष-किरणाच्या फोटोकडे बघतात. म्हणाल्या, सुट्टी न्यायालयाला असते. चालू खटल्याची कामं ऑगस्टात थांबतात. पण खटला भरण्याचं ते एक वर्ष समुद्रावर जात नाही. ते ऑगस्टातही रोज एका दिवसानं म्हातारं होतं.

म्हणजे चार दिवस उरले, लेआंद्रो! तू लखोट्यांवरून कायदा काढलास, आणि मी, जिनं नगरपालिकेत जन्ममृत्यूच्या नोंदी करताना एक तारीख चुकवली नाही, मी तो टपालवाल्याचा कायदा गिळला आणि वर वाळूत लोळले. वकीलबाई पिरेनीजमध्ये, फोन बंद.

पण मार्ग आहे. टोपीवाल्या बाई म्हणाल्या की न्यायालयातच जायला हवं असं नाही. मुदतीच्या आत एक लेखी मागणी गेली, मजकुराची प्रत ठेवून घेणाऱ्या पोचपावतीच्या टपालानं, की वर्ष पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू होतं. मसुदा मी लिहून सोबत जोडला आहे. एक प्रत ओब्दुलियाबाईंना, एक कंपनीला. सही तुझीच हवी. तोरेसेकाला परत निघालेल्या बेकरीवाल्यांच्या हाती हे पाठवते, उद्या दुपारी मिळेल. सोमवारी सकाळी टपाल कचेरी उघडली की पहिला माणूस तू असला पाहिजेस.

नाव गेलं तर कोणत्या खिडकीवर परत मिळतं, सांग मला. पाठव. आशीर्वाद पावती बघून.

ओर्तेन्सिया

---

तोरेसेका,
सोमवार, २८ ऑगस्ट २०२३

ती. ताईच्या सेवेशी,
सा. न. वि. वि.

ऑगस्टची चूक माझी. तुझी शपथ, मी ती खरी मानून केली होती.

आज नऊ वाजता खिडकीवर पहिला मीच होतो. तुझा मसुदा हातात. खिडकीवरच्या पोरीनं फॉर्म दिला, पेन दिलं. मी वाचत गेलो, 'आपल्या निष्काळजी आणि बेजबाबदार वर्तनामुळे' इथवर आलो आणि फॉर्म परत दिला.

ताई, असे लखोटे मी दारोदार नेले आहेत. माणसं उभ्यानं फोडतात आणि मग बसायला काहीतरी शोधतात. मी पडलो तेव्हा ओब्दुलियाबाई रस्त्यावरच बसल्या, धुळीत, आणि रुग्णवाहिका येईपर्यंत माझं डोकं मांडीवर धरून होत्या. खोटं त्या दुसऱ्या दिवशी बोलल्या. त्यांची थोरली बहीण अल्कान्यिसच्या वृद्धाश्रमात आहे. ती आता फक्त यांनाच ओळखते. दर गुरुवारी बाई गाडीनं तिला भेटायला जातात. अपघात आपल्या हातून झाला असं कबूल केलं असतं तर मुलगा किल्ल्या काढून घेणार होता, आणि तिकडे जाणारी बस नाही. हे त्यांनी मला सांगितलं नाही. गावानं सांगितलं. मी त्यांच्याकडे विषय काढला नाही, त्यांनीही नाही. मध्ये सुपाचं भांडं तेवढं ये-जा करतं.

माझं नाव मला ठाऊक आहे, तुलाही ठाऊक आहे. तेवढ्यात भागवू. उद्या मुदत संपेल आणि तू शांत झोपशील.

मसुदा स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवला आहे. अक्षर तुझं अजून मोत्यासारखं आहे.

रागावलीस तरी लोभ काढून घेऊ नकोस.

लेआंद्रो

---

तोरेसेका,
मंगळवार, २९ ऑगस्ट २०२३

श्रीमती ओर्तेन्सिया यांस,
स. न. वि. वि.

आपली ओळख नाही. ज्या बाईवर आपण दोन पानं लिहिली आहेत, ती मी.

आज सकाळी सूप घेऊन गेले. लेआंद्रो भाजीच्या वाफ्यात होते. भांडं ठेवायला जागा करताना टेबलावर माझं नाव दिसलं. दुसऱ्याचे कागद वाचू नयेत हे मलाही शिकवलेलं आहे. आज शिकवण बाजूला ठेवली. आपला मसुदा चांगला आहे. दोन दुरुस्त्या: माझी गाडी निळी नाही, करडी आहे, आणि 'बेजबाबदार' हा शब्द आपण तीनदा वापरला आहे. एकदाच पुरला असता. बाकी सगळं खरं आहे.

गाडी उभी नव्हती. मी मागे पाहिलं नाही. लेआंद्रो आपोआप पडले नाहीत, मी त्यांना पाडलं. हे मी शुद्धीवर, कुणाच्या दबावाशिवाय लिहिते. हाच मजकूर सही करून विमा कंपनीला आणि लेआंद्रोंना आज पोचपावतीच्या टपालानं पाठवला. कचेरी दोनला बंद होते. शिक्का एक वाजून चाळीस मिनिटांचा आहे.

मलाही वाटलं होतं की ऑगस्ट धरत नाहीत. सगळं कबूल करायचं ते सप्टेंबरात, असं मी ठरवून ठेवलं होतं. गेल्या सप्टेंबरातही ठरवलं होतं. आपल्या कागदावर आजची तारीख लाल शाईनं दोनदा अधोरेखित केलेली दिसली, तेव्हा कळलं की माझाही शेवटचा दिवस आजच आहे.

किल्ल्या मुलाकडे दिल्या. त्यानं मागायच्या आत दिल्या, एवढीच माझी फुशारकी.

आपला लोभ मागायचा मला अधिकार नाही. म्हणून नुसताच नमस्कार.

ओब्दुलिया

---

सारागोसा,
१७ ऑक्टोबर २०२३

श्रीमती ओब्दुलिया यांस,
स. न. वि. वि.

उत्तराला सात आठवडे लागले. सहा आठवडे मी रागावले होते आणि एक आठवडा शब्द शोधत होते. दुसरं मला सहसा करावं लागत नाही.

वकीलबाई म्हणाल्या की चुकलेल्या माणसानं मुदतीच्या आत स्वतः लेखी कबुली दिली, तरी वर्ष नव्यानं सुरू होतं. म्हणजे पुढच्या २९ ऑगस्टपर्यंत मी तुमच्यावर खटला भरवू शकते. हे तुम्हाला माहीत असावं म्हणून लिहिलं. भरवणार नाही, हे लेआंद्रोला कळू देऊ नका; त्याला वाटेल ते त्याच्यामुळे.

तुम्ही दीड वर्ष खोटं बोललात हे मी विसरणार नाही. कुणी न सांगता, वीस मिनिटं राखून खरं बोललात, हेही नाही. दोन्ही एकाच बाईनं केलं, ही माझी अडचण आहे. माणसं मला एका रंगाची बरी पडतात. 'बेजबाबदार' तीनदा झालं, हे मान्य. गाडीचा रंगही.

मीसुद्धा थोरली बहीण आहे. म्हणून एक व्यवस्था परस्पर केली आहे. मनगट आखडलं तरी लेआंद्रोला मोटार चालवता येते, डॉक्टरांना मी विचारलं. दर गुरुवारी तुमची करडी गाडी तो चालवेल. तुमच्या मुलाशी मी फोनवर बोलले. पहिली पाच मिनिटं तो नाही म्हणत होता.

काल संध्याकाळी लेआंद्रोनं आपणहून फोन केला. कंपनीचं नवं पत्र आलं म्हणाला. तुम्ही पाहिलं असेलच, पण त्यानं मला ते अथपासून इतिपर्यंत वाचून दाखवलं. 'चालकाची कोणतीही चूक नव्हती.' मग म्हणाला, नीट ऐकू आलं नसेल, पुन्हा वाचतो. तिसऱ्यांदा वाचताना 'कोणतीही'पाशी त्याचा आवाज थांबला. शेवटी म्हणाला, ताई, तुझ्याकडची लाइन खराब आहे.

लाइन अगदी स्वच्छ होती.

लोभ आहे असं अजून लिहवत नाही. नाही असंही लिहवत नाही.

ओर्तेन्सिया