तीन तारखेची पहाट

बुधवार, ३ नोव्हेंबर १९९९

पोहे पाऊण किलो, रॉकेल दोन लिटर. दिवाळीचं बाकी सामान घरात आहे. चकलीचं तेल यंदा मोजूनच.

संध्याकाळी शेजारची रोझमेरी किल्ली देऊन गेली. तिचे यजमान सॅन्टनभाऊ, त्यांच्या बहिणीचे, फ्लॉसीचे, सासरे राजोडीला वारले. नवराबायको दोघं रात्रभर तिकडेच. जाता जाता म्हणाली, "वैनी, कोंबड्या कोंडल्यात. सकाळी फक्त पानी ठेवा."

पहाटे चार. कार्तिकस्नानाला उठले. मागच्या अंगणात बंबाला जाळ घालताना सहज वर पाहिलं — माडांच्या शेंड्यांवर, वायव्येला, तीन दिवे! एका रांगेत, पिवळे. हलत नव्हते. आवाज नव्हता. विमान नव्हे. आपोआप हात जोडले गेले. ह्यांना हाक मारेपर्यंत एकेक करून विझले. हे म्हणाले, "झोप पुरी कर आधी."

शुक्रवार, १२ नोव्हेंबर

गावात लष्कराची जीप! शाळेच्या मैदानात उभी आहे. दिवे आणखी लोकांनीही पाहिलेत — राजोडीचे कोळी, आपला दूधवाला. उन्हाळ्यात लढाई होऊन गेली, त्यामुळे किनाऱ्यावर काहीही दिसलं की चौकशी. साहेब मराठीच निघाले. घरोघर विचारत होते. सगळ्यांचं एकच — "दिवाळीच्या आधी, साहेब." आधी म्हणजे कधी? "आधीच!"

मी वही काढली.

साहेबांनी मला अंगणात उभं केलं, हात लांब करायला लावला. माडाच्या शेंड्यापासून दिवे किती बोटं वर? चार. हवालदाराने सगळं उतरवून घेतलं — ३ नोव्हेंबर, पहाटे चार, वायव्य. "तारीख पक्की, बाई?" मी म्हटलं, "माझी वही चुकत नाही." साहेब म्हणाले, "अख्ख्या वटार गावात तारीख सांगणाऱ्या तुम्ही एकट्याच भेटलात."

हे ऑफिसातून आल्यावर त्यांना तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा म्हणाले, "पदक केव्हा देतायत?"

सोमवार, १५ नोव्हेंबर

सॅन्टनभाऊंना बोलावणं आलं. तीन तारखेच्या पहाटे कुठे होता? सरळ माणूस! सांगून मोकळे झाले — "वाडीत होतो. बत्ती घेऊन. वटवाघळं चिकू ठेवत नाय." आकाशात काय दिसलं? "काय नाय दिसलं."

जागे होते, उघड्यावर होते, हातात पेट्रोमॅक्स, आणि दिसलं काहीच नाही? साहेबांना पटलं नाही. वाडीतून समुद्रातल्या कुणाला खुणा करतात की काय, असा संशय. उद्या परत बोलावलंय.

त्यात कॉन्रॅडचं. त्यांच्या मुलाला बोटीवर नोकरी लागली आहे, २५ तारखेला हजर व्हायचं. तीन वर्षं खटपट करत होता. त्याच्या पासपोर्टची पोलीस चौकशी चालू होती, ती थांबवली. बापाचं मिटल्याशिवाय मुलाचा कागद पुढे जाणार नाही.

मलाही क्षणभर वाटलं — मला दिसले, त्यांना कसे नाही दिसले? एवढी वर्षं शेजार. वाटलं खरं.

बुधवार, १७ नोव्हेंबर

कुंपणापाशी रोझमेरी दिसली. मी हसले. ती म्हणाली, "वैनी, दिवे तुमी बघितले, पडले आमच्या घरावर." आणि आत गेली.

मी काय करू? जे लिहिलं तेच दाखवलं.

शुक्रवार, १९ नोव्हेंबर



पहाटे स्नान झालं, तुळशीपाशी दिवा लावला. काल रात्री डोळा लागला म्हणून लिहायचं राहिलं होतं, ते लिहायला बसले. कालचं लिहिलं. त्याखाली आजचं स्नानही लिहिलं — गुरुवारच्याच पानावर. सूर्य उगवल्याशिवाय पान उलटायचं नाही, ही आईची शिकवण. मॅट्रिक झाल्यापासून वही ठेवतेय ती अशीच.

आणि पेन थांबलं.

मागची पानं काढली. तीन तारीख. वर रोझमेरी संध्याकाळी किल्ली देऊन गेली. खाली दिवे. म्हणजे त्या संध्याकाळनंतरची पहाट! माझ्या वहीत अजून बुधवारच होता. साहेबांच्या घड्याळात गुरुवार लागला होता, चार तारीख. आणि चार तारखेच्या पहाटे सॅन्टनभाऊ राजोडीला मयताच्या घरी, पंधरावीस माणसांत बसलेले. आदल्या पहाटे ते बत्ती घेऊन वाडीत होते — तेव्हा आकाशात दिवे नव्हतेच. त्यांना दिसणार कुठून!

ह्यांना उठवून सांगितलं. हे पांघरूण न काढताच म्हणाले, "आता बोललीस तर तुलाच बसवून ठेवतील. खोटी तारीख का दिली म्हणून. गप्प राहा, चौकशी आपोआप संपते."

मी म्हटलं, पण कॉन्रॅड? "त्याला दुसरी बोट मिळेल."

ह्यांच्यावर तरी काय ढकलू? माझ्याही मनात आलं — मंगळवारी पौर्णिमा. व्रताचे चार दिवस उरलेत. मध्येच ती चौकशी, परक्या पुरुषांपुढे उभं राहणं, एक म्हणता दुसरं विचारणं... व्रत पुरं होऊ दे. मग जाते. नक्की जाते.

शनिवार, २० नोव्हेंबर

स्नान. पूजा. गेले नाही.

रविवार, २१ नोव्हेंबर

चर्चची घंटा झाली, पण रोझमेरी घरीच. लोक नाही नाही ते विचारतात म्हणे.

कॉन्रॅड विहिरीच्या कठड्यावर बसला होता. "काय रे, असा का बसलास?" तर म्हणतो, "काय नाय काकी. बोटीसाठी पोहायला शिकलो. आता विहिरीतच नोकरी करतो." हसला. मीही हसले! जिभेवर आलं होतं. तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली आणि मला आत यायला निमित्त मिळालं.

मंगळवार, २३ नोव्हेंबर

व्रत पूर्ण झालं. वही घेऊन शाळेत, साहेबांकडे गेले.

साहेबांनी पान दोनदा वाचलं. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "चूक माझी. माझ्या आजीचाही दिवस सूर्याबरोबर सुरू व्हायचा. मला विचारायला हवं होतं." लगेच राजोडीला माणूस पाठवला. दुपारपर्यंत सॅन्टनभाऊ मोकळे! एका दुपारचं काम होतं.

कॉन्रॅडच्या कागदाचं विचारलं. तिथला कारकून म्हणाला, "आज पाठवतो. पण मुंबईला जाऊन यायला तीन दिवस लागतात. शनिवारी आला असतात ना बाई, तरी पोराचं काम झालं असतं."

शनिवारी.

शुक्रवार, २६ नोव्हेंबर

कागद आज आला. बोट काल गेली. जागा दुसऱ्याला दिली.

जीपही गेली. दिवे कसले होते ते त्यांनाही कळलं नाही म्हणे.

संध्याकाळी रोझमेरी आपणहून आली. मला जवळ घेतलं. "चूक कोनाकडून होत नाय, वैनी? कळल्याबरोबर धावत गेलात, दुसरं कोन गेलं असतं? कॉन्रॅडला मी तेच सांगितलं. तो बी म्हनाला, काकीचा काय दोष."

मी मान हलवली. हो म्हणून! तोंडाने खोटं बोलले नाही, एवढंच.

सोमवार, २९ नोव्हेंबर

पूजेत मन नाही. हे म्हणतात, "झालं ना मिटलं? तीही बोलायला लागली. आता काय?"

देवाने ते चार दिवस माझ्याकडे मागितले नव्हते. मी आपणहून दिले. आणि तेही माझे नव्हते, कॉन्रॅडचे होते.

गुरुवार, २ डिसेंबर

रोझमेरीला सांगितलं. मला एकोणीसलाच कळलं होतं. ती वालाच्या शेंगा सोलत होती. सोलतच राहिली, परात भरेपर्यंत. मग म्हणाली, "कॉन्रॅडला सांगू नका. काकी आपल्यासाठी धावली — यातनं पोराच्या हाती तेवढंच लागलंय. ते काढून घेऊ नका."